मनोंग म्हणजे दादा

(पहाट. द्राक्षबागेतल्या ओळी. कात्रीचा आवाज.)

कॅलिफोर्नियातलं डेलानो. सप्टेंबर महिना, द्राक्षाचा हंगाम ऐन भरात. नाशिक-सांगलीच्या माणसाला ही बाग परकी वाटायची नाही. आपल्याकडचं थॉम्पसन इथेही पिकतं. हंगाम मात्र उलटा. आपल्या बागा ऑक्टोबर छाटणीच्या तयारीत असतात, तेव्हा इथे पेट्या भरत असतात.

हा हात बघा. एका हाताने घड अलगद पेलायचा, दुसऱ्या हातातल्या कात्रीने देठ कापायचा. सडका, चिरडलेला मणी कात्रीच्या टोकाने काढून टाकायचा. मण्यावरची पांढुरकी झाक पुसली जाता कामा नये. मग घड पेटीत बसवायचा. मान वाकलेलीच, ऊन डोक्यावर.

१९६५ साली या बागांमध्ये हे काम करणारे बरेच हात फिलिपिनो होते. आणि ते तरुण नव्हते. पन्नाशी-साठीची माणसं होती ती.

(जुनी छायाचित्रं. सूट घातलेले तरुण, केस चापून बसवलेले.)

हीच ती माणसं, चाळीस वर्षांपूर्वीची. फिलिपिन्सच्या इलोकोस आणि पांगासिनान भागातली, शेतकऱ्यांची पोरं. १८९८ पासून फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात होतं, त्यामुळे ती 'अमेरिकी नॅशनल' म्हणून आली. येण्याची मुभा होती, नागरिकत्व नव्हतं. उन्हाळ्यात अलास्कात सामन मासे डबाबंद करायचे, मग स्टॉकटनला अ‍ॅस्परॅगसची भाजी, मग डेलानोला द्राक्षं. पीक जिकडे, तिकडे टोळी. लॅरी इटलिओंग १९२९ साली आले, तेव्हा पंधरा वर्षांचे होते. वकील व्हायचं मनात होतं. अलास्कातल्या कामात त्यांनी हाताची तीन बोटं गमावली.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना गोऱ्या बाईशी लग्न करायला मनाई होती. फिलिपिनो बायका इथे जवळजवळ नव्हत्याच. १९४८ मध्ये न्यायालयाने ती बंदी उठवली, पण तोवर वयं निघून गेली होती. हजारो माणसं लेबर कॅम्पातल्या खाटांवर एकटीच म्हातारी झाली. त्यांना सगळे 'मनोंग' म्हणत. इलोकानो भाषेतला शब्द. आपल्याकडे दादा म्हणतात ना, तसाच. घर ना दार, मूल ना बाळ, पण अख्ख्या गावाचे दादा.

(फिलिपिनो कम्युनिटी हॉल. बाहेरून, मग आतून.)

हा हॉल. ७ सप्टेंबर १९६५ च्या रात्री याच छपराखाली मनोंग जमले. तासाला १ डॉलर ४० सेंट आणि पेटीमागे २५ सेंट, एवढंच मागणं होतं. त्याच वर्षी वसंतात कोचेला खोऱ्यात त्यांनी तासाचा हा दर मिळवून दाखवला होता. डेलानोचे बागायतदार ऐकेनात. इटलिओंग, फिलिप वेरा क्रूझ, पीट वेलास्को, बेन हिनेस यांच्या संघटनेने संपाचा ठराव केला.

८ तारखेला मनोंग कामावर गेलेच नाहीत. कॅम्पातच बसून राहिले. बागायतदारांनी वीज तोडली, गॅस तोडला, पाणी तोडलं. तरी हटेनात, तेव्हा सामान उचलून बाहेर टाकलं. जिथे वर्षानुवर्षं राहिले, तिथून बेघर होऊन ही माणसं या हॉलमध्ये आली.

(स्वयंपाकघर. मोठी पातेली. वाफ.)

इथे चूल पेटली. संपावरच्या माणसांचं जेवण या भिंतींच्या आत शिजलं.

संप फोडायला मेक्सिकन मजूर आणले जात होते. फिलिपिनो विरुद्ध मेक्सिकन, हा बागायतदारांचा जुना डाव होता. म्हणून इटलिओंग स्वतः मेक्सिकन मजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्याकडे गेले. १६ सप्टेंबरला चावेझ यांच्या संघटनेनेही संपाचा कौल दिला आणि दोन्ही समाज याच हॉलमध्ये एका पंगतीला बसले. पुढे दोन्ही संघटना एक झाल्या. जगाला नाव कळलं ते चावेझ यांचं. पण बाहेर पडलेलं पहिलं पाऊल मनोंगांचं होतं, हे या पडद्यावर आम्हाला ठळकपणे सांगायचं आहे.

संप पाच वर्षं चालला. राज्याची राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत पदयात्रा निघाली, देशभर लोकांनी द्राक्षं खाणं सोडलं. २९ जुलै १९७० ला डेलानोच्या बागायतदारांनी करारावर सह्या केल्या. मजुरी वाढली. पण कामाच्या वाटपाची नवी पद्धत आली आणि मनोंगांच्या जुन्या टोळ्या फुटल्या. १९७१ मध्ये इटलिओंग संघटनेतून बाहेर पडले.

(फोर्टी एकर्स, डेलानोतली संघटनेची जागा. विटांच्या भिंती, लांब ओसरी, मधलं अंगण.)

राहिला प्रश्न निवाऱ्याचा. कॅम्प गेले, वय झालं, आता जायचं कुठे? त्यातून ही वास्तू उभी राहिली. अगबायानी व्हिलेज. संपाच्या निदर्शनात उभे असताना १९६७ मध्ये हृदयविकाराने गेलेल्या पावलो अगबायानी यांचं नाव तिला दिलं.

ही श्रमदानातून बांधली गेली. हजारो हात लागले. त्यात विद्यार्थी होते, कामगार होते, चर्चची माणसं होती. फिलिपिनो-अमेरिकन मुलं दूरदूरच्या शहरांतून आली. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमधला १९६८ चा विद्यार्थी संप पाहिलेली ही पिढी. त्यातल्या अनेकांनी आयुष्यात थापी हातात धरली नव्हती. ओळंबा सोडायचा, दोरी ताणायची, मसाला पसरायचा, वीट बसवायची, पाणसळ लावून बघायची, वाकडी गेली तर उचलून पुन्हा. दिवसभर भिंत, संध्याकाळी मनोंगांच्या गप्पा. शाळेच्या पुस्तकात नसलेला इतिहास ही मुलं अशी शिकली.

१९७४ मध्ये व्हिलेज खुलं झालं. जवळपास साठ खोल्या, एका माणसाला एक. एकत्र स्वयंपाकघर, एकत्र जेवणघर.

(खोलीचं दार उघडतं. एक खाट. खिडकीतून ऊन.)

दाराला आतून कडी लावता येईल अशी स्वतःची खोली. कित्येकांना ती आयुष्यात पहिल्यांदा मिळाली.

इटलिओंग १९७७ मध्ये डेलानोतच वारले. त्यांच्या जन्मदिवशी, २५ ऑक्टोबरला, आता कॅलिफोर्निया 'लॅरी इटलिओंग दिन' पाळतं. युनियन सिटीतल्या एका शाळेला इटलिओंग आणि वेरा क्रूझ यांची नावं आहेत.

(अंगण. मोकळी जमीन. वारा.)

जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या या माणसांनी इथे स्वतःपुरता भाजीपाला लावला होता.