प्लेटमधलं यकृत किती दिवस यकृत राहतं?

1993 साली अमेरिकेत बेथेस्डा इथे, तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, 15 जणांवर एका औषधाची चाचणी चालू होती. औषधाचं नाव फायलुरिडिन, आजार हिपॅटायटिस बी. रक्तातला विषाणू झपाट्याने कमी होत होता. तेराव्या आठवड्यात एका रुग्णाचं यकृत अचानक निकामी झालं, रक्तात लॅक्टिक आम्ल साचलं. चाचणी तातडीने थांबवली, पण औषध बंद करूनही यकृतं बिघडतच गेली. 7 जण गंभीर झाले. त्यातले 5 दगावले, 2 यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले.

हे औषध थेट माणसांना दिलं होतं असं नाही. उंदरांना देऊन झालं होतं, कुत्र्यांना, माकडांनाही. सगळे ठणठणीत. पुढे एक कारण सापडलं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणावर माणसात एक वाहक प्रथिन असतं, ते हे औषध आत घेऊन जातं. उंदराच्या मायटोकॉन्ड्रियावर ते प्रथिन तिथे नसतं. म्हणजे उंदराच्या घराला जे दारच नव्हतं, त्या दारातून आपल्याकडे चोर शिरला. आत शिरून तो मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत बसायचा आणि हळूहळू कारखाना बंद पाडायचा.

यातला ‘हळूहळू’ हा शब्द लक्षात ठेवा, आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवतीच आहे.

तुम्ही म्हणाल, मग माणसाच्याच यकृताच्या पेशी घेऊन प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये तपासायचं. तपासत होतेच की! पण यकृताची पेशी सपाट प्लास्टिकवर टाकली की ती पोळपाटावर लाटल्यासारखी चपटी होते. शरीरात तिला चारी बाजूंनी शेजार असतो, इथे खाली प्लास्टिक आणि वर पाणी. दोन-चार दिवसांत ती आपला धंदा विसरायला लागते. औषध पचवणारी एन्झाइम्स घटतात, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बनवणं मंदावतं. पेशी जिवंत असते, पण यकृताची म्हणावी अशी राहत नाही. ज्या विषाला आठवडे लागतात, ते अशा प्लेटमध्ये दिसणार कसं?

आता आमच्या प्रयोगशाळेतलं हातातलं काम सांगते. आम्ही 96 खळगे असलेली प्लेट घेतो. प्रत्येक खळग्याचा तळ वाटीसारखा गोल, आणि त्यावर असा लेप की पेशीला चिकटायला जागाच मिळू नये. त्यात साधारण दीड-दोन हजार पेशी सोडायच्या. प्लास्टिक धरता येत नाही म्हटल्यावर त्या एकमेकींना धरतात. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून नुसता गाळ दिसतो. काही दिवसांत कडा गुळगुळीत होतात आणि एक घट्ट गोळा तयार होतो, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. याला आम्ही स्फेरॉइड म्हणतो. फार मोठा करून चालत नाही, कारण त्याला रक्तवाहिन्या नसतात. ऑक्सिजन आतपर्यंत पोचला नाही की गाभा मरतो.

हा गोळा यकृतासारखा दिसतो का? मुळीच नाही. वर्तमानपत्रं ‘मिनी लिव्हर’ असा मथळा देतात तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं होतं. पण तो आठवडेच्या आठवडे यकृताचं काम करत राहतो. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने 2016 साली दाखवलं, की असे गोळे 5 आठवडे टिकतात. त्यांना फायलुरिडिनचे डोस पुन्हा पुन्हा दिले, तेव्हा जुन्या प्लेटमध्ये न दिसलेलं विष दिसलं. लोक तिसऱ्या मितीचं कौतुक करतात. मी म्हणेन, आम्हाला खरा फायदा झाला तो वेळेचा.

ऑर्गनॉइड, म्हणजे मूळपेशींपासून वाढवलेली अवयवाची छोटी प्रतिकृती, ही याच्या पुढची पायरी. 2009 साली नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स आणि तोशिरो सातो यांनी आतड्याच्या एकाच मूळपेशीपासून जेलीमध्ये छोटं आतडं वाढवलं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी त्याचा झालेला उपयोग मला फार आवडतो. रुग्णाच्या गुदाशयातून तिळाएवढा तुकडा घेऊन ऑर्गनॉइड वाढवतात आणि फोर्स्कोलिन नावाचं रसायन घालतात. निरोगी माणसाचा ऑर्गनॉइड तव्यावरच्या फुलक्यासारखा टम्म फुगतो, रुग्णाचा बसून राहतो. मग औषध घालून बघायचं. फुगला, तर ते औषध त्या माणसाला लागू पडण्याची आशा. जनुकातला बिघाड, म्हणजे उत्परिवर्तन, इतकं दुर्मीळ असेल की चाचणीसाठी पुरेसे रुग्णच मिळत नाहीत, तिथे हा फुलका फार मोलाचा.

चिपवरच्या यकृताचाही बराच बोलबाला आहे. ही चिप म्हणजे बारीक नळ्या कोरलेली छोटी पट्टी; तीत यकृताच्या पेशी वाढवतात आणि नळ्यांतून द्रव वाहता ठेवतात. 2022 च्या एका अभ्यासात 870 चिप्सवर 27 औषधं तपासली; यकृताला घातक औषधांपैकी 87 टक्के ओळखता आली आणि निर्धोक औषधावर एकदाही खोटा आळ आला नाही. आकडे चांगलेच आहेत. फक्त अभ्यास चिप बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि निर्धोक औषधं मोजकी होती, हेही सोबत वाचावं.

कायदेही बदलले. प्राण्यांवरच्या चाचणीची 1938 पासूनची सक्ती अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये काढली. आपल्या केंद्र सरकारनेही मार्च 2023 मध्ये नव्या औषधांच्या नियमांत ऑर्गनॉइड आणि चिप यांना जागा दिली.

‘मग उंदीर सुटले का?’ हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो, म्हणून आधीच उत्तर देते. नाही. औषध आतड्यातून शोषलं जाऊन यकृतात बदलून मूत्रपिंडात गेल्यावर काय होतं, हे एकट्या गोळ्याला सांगता येत नाही. शिवाय तो बहुधा एकाच दात्याच्या पेशींचा असतो. दाता बदलला की उत्तर बदलू शकतं.

आणि ऑर्गनॉइड जिच्यात वाढवतात ती जेली. फ्रिजमधल्या थंडाव्यात पातळ, 37 अंशांना घट्ट. पिपेटची टोकंसुद्धा आधी गार करून घ्यावी लागतात. माझ्या एका विद्यार्थ्याने बाटली दहा मिनिटं टेबलावर विसरली आणि महिन्याभराची जेली बाटलीतच थिजली. ही जेली येते उंदराच्या गाठीतून, आणि ती गाठ जिवंत उंदरातच वाढवावी लागते. कृत्रिम जेल बाजारात आली आहेत, आम्ही दोन वापरूनही पाहिली. आतड्याचे ऑर्गनॉइड त्यांत रुसून बसले. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात आजही उंदराचीच जेली आहे.