दोनदा की सहादा?

(दृश्य: सकाळचे साडेसहा. कस्तुरचंद पार्कजवळची पोह्यांची गाडी. गंजातून वाफ निघते आहे.)

पोह्यांवर तर्री पडते, वर थोडा कांदा, आणि हिवाळ्यातली नागपूरची सकाळ सुरू होते. गाडीभोवतीच्या घोळक्यात एक जण नुसताच उभा आहे. बारा वाजेपर्यंत तो काही खात नाही. मित्र त्याला म्हणतो, "काहून बे? उपाशी राहिला तं चरबी अजून साठते." तिसऱ्याचं म्हणणं, दर दोन तासांनी खाल्लं तरच मेटाबॉलिझम चालू राहतं. तिघांनाही आपलं खरं वाटतं, आणि तिघेही ते घरी जाऊन आईवडिलांना सांगतात. म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

आपल्या शहराचा या विषयाशी जुना संबंध आहे. दिवसातून दोनदाच जेवावं, हा विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार व्याख्यानांतून मांडत असत. २००४ साली अपघातात ते गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो विचार महाराष्ट्रात घरोघरी नेला: खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोन वेळा, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. सतत तोंड चालू ठेवायच्या सवयीकडे त्यांनी लोकांचं लक्ष वळवलं. माझ्या मते हे मोठं काम आहे. पण ऐकीव गोष्टी तोंडोतोंडी फिरताना बदलतात.

(दृश्य: चूल. एक हात सरपण सारतो आहे.)

आधी सहा वेळा खाणाऱ्यांचं पाहू. शरीर म्हणजे चूल, थोडंथोडं सरपण घालत राहिलं तर पेटती राहील, अशी ही कल्पना आहे. अन्न पचवायला शरीर ऊर्जा खर्च करतं हे खरंच आहे. मिश्र आहारात हा खर्च एकूण कॅलरींच्या साधारण १० टक्के असतो. आता हिशेब करा. दिवसाला १८०० कॅलरी घेतल्या, तर पचनावर सुमारे १८० जातात. तीन जेवणं केली तर दर वेळी ६०, सहा केली तर दर वेळी ३०. बेरीज तीच. फरक पडतो तो ताटात काय आहे त्याने, कारण प्रथिनं पचवायला २० ते ३० टक्के ऊर्जा लागते आणि तेल-तूप पचवायला जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत.

मग उपाशी राहिलं की शरीर चरबी धरून ठेवतं का? व्हिएन्नातल्या संशोधकांनी ११ निरोगी माणसांना चार दिवस उपाशी ठेवून मोजमाप केलं. २००० साली ते प्रसिद्ध झालं. सुरुवातीच्या दिवसांत त्यांचा विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च कमी झाला नाही, उलट थोडा वाढला. शरीर मंदावतं ते दीर्घकाळ अर्धपोटी राहिल्यावर. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तिथे हे स्पष्ट दिसलं. एका सकाळचा चुकलेला नाश्ता आणि सहा महिन्यांची उपासमार, यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातलं एक स्वयंपाकघर. एकादशी. कढईत साबुदाण्याची उसळ.)

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या घरांत सगळ्यात जास्त गोंधळ याच कढईपाशी होतो. काकू म्हणतात, "आम्ही तं पिढ्यान्‌पिढ्या करतो जी हे फास्टिंग." एकादशीमागची त्यांची श्रद्धा मोठी आहे, तिच्याविषयी मला आदर आहे. पण शरीराच्या दृष्टीने हा उपवास वेगळा. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी, आणि त्या जवळजवळ सगळ्या स्टार्चच्या. तितक्याच दाण्यांच्या कुटात साडेपाचशेच्या वर. त्यावर तूप, बटाटा, दुपारी शिंगाड्याचा शिरा. वरण-भाकर खाल्ली असती तर रक्तातली साखर कदाचित इतक्या झपाट्याने चढली नसती. मधुमेह असलेल्या बाईने उपवासाच्या दिवशी उसळ पोटभर खावी आणि दुसऱ्या दिवशी साखर का वाढली म्हणून कोड्यात पडावं, हे मी आमच्याच नात्यात पाहिलं आहे. फार वाईट वाटतं, कारण तिने मनापासून पथ्य पाळलेलं असतं.

आता दोनदा जेवणाऱ्यांमधला एक समज. शेंगदाण्याचा एक दाणा खाल्ला काय आणि ताटभर जेवलं काय, इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर खाली आणणारं संप्रेरक, सारखंच सुटतं, असं लोक सांगतात. तसं होत नाही. किती आणि काय खाल्लं, विशेषतः पिठूळ आणि गोड किती, त्याप्रमाणे इन्सुलिन कमी-जास्त होतं. काहीच खाल्लं नाही तरी थोडं इन्सुलिन सुटतच असतं, ते जगायला लागतं. आणि दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा हेही खाणंच आहे. तो धरायचा राहून जातो.

सोळा तास झाले की शरीर आपोआप आतून साफ होतं, असंही मोबाइलवर फिरतं. पेशी आपलेच जुने भाग मोडून परत वापरतात, याला ऑटोफॅगी म्हणतात. त्यावरच्या कामासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. ते काम यीस्टवर झालं होतं. नोबेल उपवासाला मिळालेलं नाही.

वजनाचं म्हणाल तर, चीनमधल्या ग्वांगझूत १३९ स्थूल लोकांवर वर्षभर एक चाचणी झाली, २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. सगळ्यांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या. अर्ध्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. वर्षाअखेर पहिल्यांचं सरासरी ८ किलो कमी झालं, दुसऱ्यांचं ६.३. हा फरक वेळेच्या बंधनामुळेच पडला, असं शास्त्राच्या कसोटीवर म्हणण्याइतका तो मोठा नव्हता. ज्याला घड्याळ लावून कमी खाणं सोपं जातं, त्याने जरूर तसं करावं.

(दृश्य: मे महिना. रिकामा रस्ता, बंद खिडक्या, कूलरचा आवाज.)

पण घड्याळ एका ठिकाणी खरोखर महत्त्वाचं असतं. माझे बाबा मधुमेही आहेत. एका नवतप्यात त्यांनी कोणाचं तरी ऐकून सकाळचं खाणं बंद केलं. सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र चालू ठेवली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न पोचलं की नाही, हे तिला कळत नाही. अकराच्या सुमारास बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. घरात सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. शेजारच्या काकूंनी धावत कैरीचं पन्हं आणलं. ते उन्हासाठी आणलं होतं. बाबा सावरले ते त्यातल्या गुळाने. नंतर कोणीतरी साखर मोजायचं मीटर शोधलं. पन्हं पिऊन पंधरा मिनिटं झाली होती, तरी आकडा ६४, म्हणजे कमीच होता.

इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढीच्या वयातली मुलं, आधीच वजन कमी असलेले, यांनी पोह्यांच्या गाडीवरचा सल्ला घरी आणू नये. डॉक्टरांशी बोलून, गोळीची मात्रा आणि वेळ बदलूनच जेवणाची वेळ बदलावी.

बाबांच्या डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आणि एकच गोष्ट लिहून दिली.

(दृश्य: जेवणाचं टेबल. ताटात भाकर, वरण, मेथीची भाजी. ताटाशेजारी गोळ्यांचं पाकीट.)

आता ताट वाढून समोर आलं, की मगच बाबा पाकिटाला हात लावतात.