कुंचल्याची उलटी बाजू

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं हे चित्र पाहायला अगदी जवळ जावं लागतं. उंची जेमतेम 22.6 सेंटिमीटर, शाळकरी वहीएवढी. साधारण 1628 साली, विशी नुकतीच ओलांडलेल्या डच चित्रकार रेम्ब्राँनं लायडनमध्ये स्वतःलाच रंगवलं. डोळे अंधारात आहेत. उजेड पडलाय तो गालावर, कानाच्या पाळीवर. आणि या केसांवर.

या बटा पाहा. त्या रंगवलेल्याच नाहीत. रंग ओला असतानाच त्यानं कुंचला उलटा धरला आणि दांड्याच्या टोकानं ओरखडे काढले. वरचा गडद रंग बाजूला सरला, खालचा फिकट थर उघडा पडला. झाले विस्कटलेले केस!

एकेक केस रंगवत बसणं हा नवशिक्यांचा हमखास आजार. दोन तास खपायचं, आणि शेवटी माणूस केसांचा टोप घातल्यासारखा दिसतो. आम्हीही त्यातून गेलोय.

आता आमच्या स्टुडिओत येऊ. समोर मावशी बसल्यात. मधोमध भांग, चोपून लावलेलं तेल, मागे अंबाडा. केस काळेभोर, पण पॅलेटवर काळा रंग नाही. बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत अल्ट्रामरीन निळा मिसळला की हवा तेवढा गडद रंग मिळतो, आणि तो ट्यूबमधल्या काळ्यासारखा मेलेला वाटत नाही. सुरुवात रुंद, चपट्या ब्रशनं. केस विसरायचे, आधी डोक्याचा गोलवा पकडायचा. डोळे किलकिले केले की बटा दिसेनाशा होतात. उरतो उजेडाचा एक पट्टा आणि बाकी सावली. तेलावरची ही चकाकी खिडकीतल्या आभाळाची, म्हणून पांढरी नाही, निळसर राखाडी. केस मागे वळलेत, पट्टा मात्र त्यांना आडवा. कपाळाशी रेघ मारायची नाही. तिथे केसांचा रंग ओला असतानाच त्वचेच्या सावलीत हलकेच ओढून घ्यायचा.

‘ब्रश कुठला?’ हे सगळेच विचारतात. व्हेनिसमध्ये तिथला बुजुर्ग चित्रकार जोव्हान्नी बेलिनीनं जर्मन चित्रकार ड्यूररकडे, एका फटक्यात अनेक केस काढणारा कुंचलाच मागितला होता म्हणे. ड्यूररनं रोजचेच कुंचले पुढे केले, आणि त्यातल्याच एकानं बाईचे लांब, लहरी केस काढून दाखवले. ड्यूररचा विद्वान मित्र कामेरारियसनं 1532 मध्ये छापलेली ही हकीकत. थोडं तिखटमीठ असेलही.

बारीक ब्रश आत्ता कुठे हातात येतो. कानामागून सुटलेले तीन केस. अंबाड्यातून निसटलेला एक. बस.

मावशी उठून चित्रासमोर येतात. बराच वेळ बघतात.

“तेल जरा जास्तच झालं हो आज.”