डिचोली किती लांब?

नमस्कार श्रोतेहो.

गोव्यात येणारे फोटो काढतात समुद्राचे. नाहीतर देवळांचे, चर्चचे, दूधसागरचे. मी जन्माचा डिचोलीकर, आणि गेली सहा वर्षं फोटो काढतोय रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांचे. दगडावरचा मैल जाऊन किलोमीटर कधीचा आला, नाव मात्र आपण तेच ठेवलं.

या फोटोंसाठी उकिडवं बसावं लागतं. उभ्यानं काढला की दगड बापुडवाणा दिसतो. त्याच्या उंचीवर गेलात तर कसा मामलेदारासारखा ऐटीत उभा असतो! माझे गुडघे आता कुरकुरतात. आमच्या सौ. म्हणतात, "दगडाला तरी एवढा मान मिळतो."

डोक्यावरच्या रंगावरून दगडाची जात कळते. पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्यमार्गाचं, नारिंगी गावरस्त्याचं. पण माझा जीव अडकलाय तो नावांत. काही दगडांवर नाव देवनागरीत, काहींवर रोमीत. देवनागरीत सरळ 'डिचोली'. रोमीत वाचायला जा, होतं 'बिचोलिम'. केप्याचं 'क्वेपेम', साखळीचं 'सँक्वेलिम'. पाहुणे तसंच म्हणतात आणि आपण गालातल्या गालात हसतो. खरं तर त्यांची काय चूक? पोर्तुगीज लिखाणात शब्दाच्या शेवटचा 'एम' हा 'म' नव्हेच, ती नाकात उच्चार करायची खूण. पोर्तुगीज 1961 साली गेले, त्यांचा अनुस्वार दगडावर राहिला. आणि कोकणीत आमची डिचोली 'दिवचल'! एकाच गावाची तीन नावं, आणि दगडावर जागा वीतभर.

पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत जाणारा आपला महामार्ग आधी 17 नंबरचा होता. 2010 मध्ये देशभरातल्या महामार्गांचे नंबर बदलले, तेव्हा त्याचा 66 झाला. बेळगावहून अनमोड घाट उतरून येणारा '4 अ' झाला 748. जुना '17' अंगावर असलेला दगड दिसला की मी स्कूटर थांबवतोच. चौपदरीकरणात असे कितीतरी उखडले गेले. आता डोक्यावर मोठे हिरवे फलक आलेत. लांबून वाचता येतात, हे मान्य. पण फलकावर कुणी मासळीची पाटी टेकवून घाम पुसू शकेल का? कदंबा बसची वाट बघत त्यावर कुणी बसेल का?

एक गंमत सांगतो. अस्नोड्याच्या पुढं एक दगड वेलीत बुडालेला दिसला. मी खाली बसून मोबाईल रोखला. तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारे गृहस्थ तरातरा आले.

"कितें मापतात तुमी?"

त्यांना वाटलं, मी रस्तारुंदीचा माणूस. आता यांचा माड जाणार, गडगा जाणार! मी म्हटलं, "काका, मापत नाही, फोटो काढतोय." "कुणाक दिवपाक?" कुणालाच नाही, आवड म्हणून, असं सांगितल्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले की रस्तारुंदीवाला असतो तर परवडलं असतं. मोबाईलमधले चार-पाच दगड दाखवले, तेव्हा कुठं निवळले. घरात जाऊन कोयता घेऊन आले, वेल छाटली, हातानंच माती पुसली. खालून 'डिचोली' निघालं. आकडा मात्र अर्धाच उरलेला.

मी फोटो काढला. कोयता काखेत धरून काका म्हणाले, "पूण हो फातर हांगाचो न्हय. रस्तो केल्लो तेन्ना त्या वळणार आशिल्लो. ट्रकान उडयलो, आमी उखलून हांगा दवरलो."

वळणावरचा दगड ट्रकनं उडवला, आणि यांनी उचलून इथं आणून ठेवला! म्हणजे त्या दगडाच्या हिशेबानं मी त्या दिवशी घरी पोचलो, तेव्हा घर अजून थोडं पुढंच होतं.