फ्रायबुर्गचे घड्याळ, अमळनेरचा वाडा

अमळनेरच्या एका वाड्यातल्या, दुरुस्तीसाठी उघडलेल्या या लंबकाच्या घड्याळाची खरी ओळख त्याच्या मागच्या पितळी पाटीवर कोरलेली आहे. तबकडी उतरवून यंत्र पेटीबाहेर काढले, तेव्हा त्या पाटीवर नांगराचे चिन्ह, त्याच्या दोन्ही बाजूंना ‘जी’ आणि ‘बी’ ही रोमन अक्षरे आणि एक सात आकडी क्रमांक दिसला. ही खूण गुस्टाव्ह बेकर यांच्या कारखान्याची आहे.

बेकर यांचा जन्म १८१९ मध्ये सायलेशियातील ओल्स येथे झाला. व्हिएन्नासारख्या शहरांत घड्याळाचे काम शिकल्यानंतर १८४७ मध्ये त्यांनी फ्रायबुर्ग या लहान गावात आपले दुकान थाटले. तो मुलूख तेव्हा प्रशियाच्या राज्यात होता. तेच गाव आज पोलंडमध्ये आहे. दुकानाचा पुढे कारखाना झाला, गावातली माणसे या धंद्यात तयार झाली, आणि १८८५ मध्ये बेकर वारले तरी काम वाढतच गेले. कारखान्याचे दहा लाखावे घड्याळ १८९२ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे आपल्यासमोरचे सात आकडी क्रमांकाचे घड्याळ त्यानंतरचे आहे. बेकर यांनी ते स्वतः पाहिलेले नाही, परंतु त्यांनी घालून दिलेली शिस्त त्याच्या प्रत्येक चाकात दिसते.

अमळनेरच्या या वाड्यात ते ओसरीच्या भिंतीवर होते आणि आठवडी बाजाराच्या दिवशी त्याला किल्ली देण्याचा घरात रिवाज होता. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. अमळनेरची सूर्यावरची वेळ या प्रमाणवेळेच्या सुमारे अर्धा तास मागे आहे. म्हणजे घड्याळात साडेबारा होतात तेव्हा कुठे सूर्य माथ्यावर येतो. सावलीवरून दिवस मोजणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक जाणवला असेलच, पण गाडी गाठायची असेल तर रेल्वेची वेळ सांगणाऱ्या घड्याळाकडेच पाहावे लागे.

खानदेशच्या हवेत असे घड्याळ चालवणे सोपे नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डिसेंबरच्या पहाटे दहाच्या खाली उतरतो. लंबकाची दांडी पोलादाची असेल तर उन्हाळ्यात ती लांबते, लंबकाचा झोका सावकाश होतो आणि ३० अंशांच्या फरकाला घड्याळ दिवसाला सुमारे १५ सेकंद मागे पडते. दांडी पितळेची असेल तर हाच फरक २५ सेकंदांपर्यंत जातो. या घड्याळाच्या लंबकाची दांडी मात्र लाकडाची आहे. सरळ तंतूंचे लाकूड उष्णतेने लांबीला फारच थोडे वाढते, आणि म्हणूनच जुने निर्माते ते निवडत. लाकडाला दमट हवा बाधते, ते टाळण्यासाठी दांडीवर पॉलिशचा लेप देत. थंड मुलखातल्या कारागिराने केलेली ही निवड आपल्या उन्हाळ्यात इतकी उपयोगी पडावी, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

बिघाड झाला होता तो इतरत्र. चाकांच्या पोलादी आसांची टोके पितळी पाट्यांतल्या छिद्रांत फिरतात. तेल सुकून त्यात धूळ बसली की तीच धूळ टोके घासते आणि छिद्रे लांबट होतात. मग चाकांचे दाते एकमेकांत नीट बसत नाहीत. पूर्वीच्या कुणा दुरुस्ती करणाऱ्याने छिद्रांभोवती पंच मारून ती आवळली होती. ही युक्ती काही दिवस चालते, पण पाटीवर कायमचे घाव ठेवते. या वेळी जळगावच्या कारागिराने आधी स्प्रिंगचा ताण सोडला, यंत्र पूर्ण सुटे करून धुतले, टोकांना झिलई दिली आणि झिजलेल्या छिद्रांत पितळी बुश, म्हणजे आस फिरण्यासाठीची लहान नळकांडी, बसवले. पंचाचे घाव त्याने तसेच राहू दिले. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण घाव घासून काढले असते तर मूळ पितळही गेले असते.

हे घड्याळ तासाचे ठोके देते आणि अर्ध्या तासाला एक, म्हणजे दिवसभरात १८० ठोके. हातोडीवरचे चामडे वाळून दगडासारखे झाल्याने पोलादी तारेच्या वेटोळ्यातून कर्कश आवाज येत असे. नवे मऊ चामडे लावल्यावर त्याचा मूळचा खर्जातला नाद परत आला. सबंध दुरुस्तीत याहून स्वस्त आणि याहून मोठा फरक करणारे काम दुसरे नव्हते.

पेटी अक्रोडाच्या पातळ पापुद्र्याने मढवलेली आहे. कोरड्या उन्हाळ्यांत सरस सुटून पापुद्रा जागोजाग उचलला गेला होता आणि त्यावर कधीतरी तपकिरी तैलरंग फासलेला होता. रंग हळूहळू उतरवून, पापुद्रा गरम सरसाने बसवून, त्यावर लाखेचे पॉलिश हाताने चढवले. लाख मिळते ती पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून, आणि त्या काळी युरोपात जाणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे. तेव्हा या पेटीवरचे पहिले पॉलिशही बहुधा आपल्याच रानातले असावे.

बाजारात एक सोपा मार्ग सुचवला जातो: जुनी पेटी ठेवून आत सेलवर चालणारे यंत्र बसवणे. खानदेशातल्या अनेक घरांत तसे झाले आहे आणि काढलेली पितळी यंत्रे भंगाराच्या भावाने गेली आहेत. ज्यांच्याकडे असे घड्याळ अजून शाबूत आहे, त्यांनी यंत्र विकू नये, ही कळकळीची विनंती आहे. आज दुरुस्त करणे जमत नसेल तर ते कोरड्या जागी, लंबक आणि किल्लीसह, कापडात बांधून ठेवावे.

पेटीच्या माथ्यावरचा कोरीव मुकुट अर्धा हरवला होता. त्याचा हरवलेला भाग सागवानात कोरून बसवला आहे आणि या नव्या तुकड्याच्या मागे दुरुस्तीचे वर्ष लिहून ठेवले आहे, म्हणजे पुढे जो कोणी ही पेटी उघडेल त्याला मूळचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे शोधत बसावे लागणार नाही.