एकच विषाणू, निरनिराळी यकृतं

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी.)

हा यकृताचा तुकडा. लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर, जाडी जाड दोऱ्याएवढी. बायोप्सीच्या सुईतून आलेला. त्यावर रंग असा चढवलाय, की यकृताच्या पेशी लाल दिसाव्यात आणि वणाचे तंतू निळे. निळं जितकं कमी, तितकं बरं. या तुकड्यात मात्र निळ्या रेषा एकमेकींकडे पूल टाकत निघाल्यात. हे पूल जुळले आणि पेशींची बेटं निळ्या कड्यांत अडकली, की त्याला सिरोसिस म्हणायचं.

आता दुसरी पट्टी. विषाणू तोच, हिपॅटायटिस सी. निळा रंग शोधावा लागतो.

असं का होतं? विषाणू वेगळा म्हणून, की माणूस वेगळा म्हणून?

एकच विषाणू अनेकांच्या शरीरात सोडून पाहण्याचा प्रयोग मुद्दाम कुणी केला नसता. पण तो घडला. आयर्लंड, १९७७. आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या बाळंतिणींना अँटी-डीचं इंजेक्शन देतात, पुढच्या गर्भाच्या रक्ताविरुद्ध त्यांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून. ते दान केलेल्या रक्तद्रवातून तयार होतं. त्या वर्षीच्या काही बॅचमध्ये एका संसर्ग झालेल्या स्त्रीचं रक्तद्रव गेलं. हिपॅटायटिस सी ओळखला गेला १९८९ साली, त्यामुळे तेव्हा तपासणार तरी काय? शेकडो बायकांच्या शरीरात एकाच उगमाचा, १बी प्रकारचा विषाणू शिरला.

प्रकरण उघड झालं १९९४ मध्ये. या बायकांच्या तपासण्यांचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात संसर्गाची प्रतिपिंडं सापडली, त्यांतल्या साधारण ४५ टक्के बायकांच्या रक्तात विषाणू उरलाच नव्हता. शरीरानेच तो निपटला होता. उरलेल्यांच्या बायोप्सीत सूज बहुतेक सगळ्यांना होती, वण निम्म्या जणींना, आणि सिरोसिस किंवा त्याची दाट शक्यता फक्त २ टक्क्यांना. संसर्गाला १७ वर्षं झाल्यानंतर.

उगम एक, आणि शेवट इतके वेगळे.

(पडद्यावर: विषाणूच्या आरएनएची आकृती.)

पण ‘तोच विषाणू’ म्हणताना जरा थांबायला हवं. हा विषाणू दुसऱ्या दिवशीही तोच राहत नाही. त्याचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, सुमारे ९,६०० अक्षरांचा. त्याची नक्कल करणारं विकर (एन्झाइम) घाईचं आहे. छापखाना आहे, पण प्रुफं तपासायला कुणी नाही. ढोबळमानाने दर दहा हजार अक्षरांमागे एक चूक, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रतीत एक. आणि प्रती किती? एका रुग्णाच्या शरीरात दिवसाला सुमारे एक लाख कोटी. बहुतेक चुका विषाणूलाच नडतात, त्या प्रती वाया जातात. एखादी चूक मात्र त्याला प्रतिपिंडांच्या तावडीतून सोडवते.

त्याच्या बाहेरच्या आवरणावर २७ अमिनो आम्लांचा एक पट्टा आहे. सगळ्यात जास्त उलथापालथ तिथे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने संसर्ग झालेल्यांच्या रक्तात हाच पट्टा सुरुवातीपासून वाचला गेला. ज्यांचा आजार बरा झाला, त्यांच्यात विषाणूची ही विविधता वाढली नव्हती. ज्यांचा आजार चिवट होत गेला, त्यांच्यात ती वाढत गेली होती. म्हणजे पुढे काय होणार, याची चाहूल पहिल्या काही महिन्यांतच लागते. लस अजून का नाही, याचं एक मोठं कारणही इथेच आहे. नेम धरेपर्यंत निशाणा सरकलेला असतो.

हे झालं एका शरीरातलं. जगभर पाहिलं, तर या विषाणूचे आठ जीनोटाइप, म्हणजे जनुकीय प्रकार. दोन जीनोटाइपमध्ये फरक सुमारे ३० टक्के अक्षरांचा. माणूस आणि चिंपांझी यांची जनुकं अक्षराला अक्षर लावून पाहिली, तर फरक एक-दीड टक्क्याच्या आतबाहेर भरतो. तेव्हा या आठांना एकाच नावाने हाक मारणं ही आपली सोय आहे.

(पडद्यावर: तिसरी काचपट्टी. पेशींत पांढरे, रिकामे गोल.)

यांतला तिसरा जीनोटाइप जरा जवळून पाहू. हे पांढरे गोल म्हणजे चरबीच्या जागा. काचपट्टी तयार करताना चरबी विरघळून गेली, पोकळी राहिली. इतर जीनोटाइपमध्ये अशी चरबी दिसली, तर ती बहुधा वजनाच्या किंवा मधुमेहाच्या खात्यावर जाते. तिसऱ्यात ती विषाणू स्वतः साठवतो. त्याची प्रथिनं पेशीतून चरबी बाहेर नेण्याच्या कामात खोडा घालतात. याचा पुरावा साधा आहे: उपचाराने विषाणू गेला की चरबी ओसरते, उलटला की परत येते.

अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१४ साली. पहिल्या जीनोटाइपशी तुलना करता तिसऱ्यात सिरोसिसचा धोका ३१ टक्क्यांनी जास्त निघाला, यकृताच्या कर्करोगाचा ८० टक्क्यांनी.

पहिल्या जीनोटाइपच्या १बी या उपप्रकारात संशयित आणखी बारीक आहे. विषाणूच्या गाभ्याच्या प्रथिनातलं ७० व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल. जपानी संशोधकांना तिथला बदल आणि कर्करोग पुन्हा पुन्हा सोबत आढळला. पण आजार वाढत जातो तसं बदललेल्या विषाणूचं प्रमाणही वाढतं. मग बदलामुळे आजार, की आजारामुळे बदल? मला विचाराल, तर एवढ्यावरून या एका जागेला गुन्हेगार ठरवणं घाईचं होईल.

रिपोर्टवरचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. त्या आकड्यावरून यकृताचं नुकसान कळत नाही. दारू, चाळिशीनंतर झालेला संसर्ग, सोबत एचआयव्ही, मधुमेह, पुरुष असणं, यांचं वजन जास्त. आयर्लंडच्या त्या बाळंतिणी तरुण होत्या, हे विसरायला नको.

औषधांनी मात्र सगळा हिशेब उलटा केला. इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळात तिसरा जीनोटाइप ‘सोपा’: २४ आठवडे पुरायचे, पहिल्याला ४८ लागायचे, तरी निम्मे बरे होत नसत. थेट विषाणूवर काम करणारं सोफोसबुव्हिर हे औषध २०१३ च्या अखेरीस आलं, पुढे सगळ्या जीनोटाइपवर चालणाऱ्या गोळ्या आल्या. बहुतेक गटांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होऊ लागले. जरा मागे राहिला तो हाच ‘सोपा’ तिसरा, तोही सिरोसिस असलेल्यांत.

(पडद्यावर: तिसरी काचपट्टी पुन्हा, मग त्याच यकृताची उपचारानंतरची.)

पांढरे गोल नाहीसे झालेत. सिरोसिसची निळी कडी मात्र अजून आहेत. विरळ होतील कदाचित, वर्षं लागतील. तोवर रक्तात विषाणू नसला तरी कर्करोग वेळेत कळावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही.