सात डॉलर की तीन पेन्स?

श्रोतेहो, नमस्कार.

१७७५ सालचं अमेरिकेतलं बॉस्टन. तिथल्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड पुकारलेलं. जूनमध्ये बंकर हिलची लढाई इंग्रजांनी जिंकली खरी, पण मेलेले नि जखमी धरून हजारावर माणसं खर्ची पडली. टेकडी हाती आली, शहराचा वेढा काही उठला नाही. जमिनीकडच्या वाटा बंडखोरांनी अडवलेल्या. खायला यायचं ते समुद्रावरून. (इकडे राघोबादादा त्याच वर्षी इंग्रजांशी सुरतेचा तह करून बसले होते.)

समोर प्रॉस्पेक्ट हिलवर अमेरिकन. त्यांनी एक पत्रक काढलं, खास इंग्रज शिपायांसाठी. त्यात दोन रकाने. प्रॉस्पेक्ट हिल: महिना सात डॉलर; ताजं अन्न, तेही भरपूर; आरोग्य; आणि चौथ्या ओळीत स्वातंत्र्य, सुखसमृद्धी नि चांगली शेतजमीन. बंकर हिल: दिवसाला तीन पेन्स, खारवलेलं सडकं डुकराचं मांस, स्कर्व्ही (हिरड्या सडवणारा रोग), गुलामी, भीक आणि ददात.

बघा, स्वातंत्र्याचा नंबर चौथा! राजाबद्दल या रकान्यांत अवाक्षर नाही. लिहिणारा पक्का होता, शिपाई कशाने कुरकुरतो हे त्याला ठाऊक होतं. कागदोपत्री त्या शिपायाला रोज आठ पेन्स मिळत. पण जेवणाचे, कपड्यांचे कापून घेतल्यावर हातात काय उरतं, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि ते सात डॉलर? अमेरिकन शिपायाचा ठरलेला पगार होता सहा डॉलर आणि वर दोन तृतीयांश. जाहिरातीत तेवढं चालायचंच! 'ताजं अन्न भरपूर'चं मात्र पुढे हसं झालं. १७७७-७८च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत हेच अमेरिकन सैन्य पाण्यात कालवलेलं पीठ दगडावर भाजून खात होतं.

'गुलामी' हा शब्द तर अमेरिकनांवरच उलटला. नोव्हेंबर १७७५मध्ये व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीरनामा काढला: बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने हत्यार धरतील, ते मुक्त. शेकडो माणसं मालकांच्या घरांतून पळून त्याच्याकडे आली. बाकी डनमोरही काही साधुसंत नव्हता. त्याचे स्वतःचे गुलाम होते, आणि तो काही बंडखोर मालक नव्हता. तेव्हा त्याच्या गुलामांना या जाहीरनाम्यातून काहीच मिळालं नाही.